एक्कावन्नावी खसखस

मी एक जुनं पिंप आहे. जुनं म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, चांगलं शे-दोनशे वर्षांचं असेल. तसं नाही, मित्रांनो. माझं वय पंचेचाळीसच्या आगेमागे. पण ज्या मंडळींच्या सहवासात माझे कामाचे दिवस गेले, ती साडेचार हजार वर्षांची होती. त्यांच्यापुढे मी पाळण्यातलाच म्हणायचा.

केंटकीच्या डोंगरात, स्टॅम्परांच्या तंबाखूच्या कोठारामागे मी उभा आहे. येणारेजाणारे समजतात, पावसाचं पाणी धरायला ठेवलंय. कोणी तेवढंही समजत नाही. परवा एका माणसाने माझ्यावर कोपर टेकवून अर्धा तास फोनवर गप्पा मारल्या आणि जाताना मला लाथ मारून पाहिली. पोकळ आवाज आला. येणारच.

मी जन्माला आलो तो काकवी भरण्यासाठी. गुरांच्या चाऱ्यावर ओततात ती काळी काकवी. ती संपली तसा डेल्मर स्टॅम्परच्या अंगणात येऊन पडलो. डेल्मर लोखंडाचं जोडकाम करायचा. ट्रॅक्टरचा दांडा मोडो की चर्चच्या घंटेला तडा जावो, डोंगरातले सगळे लोक त्याच्याकडेच यायचे. लग्न त्याने केलं नाही. थोरली बहीण वर्डी त्याच्यासोबत राहायची. तिने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती आणि निवृत्त झाल्यावरही ती घरात बसचालकाच्याच आवाजात बोलायची.

त्यांच्याकडे एका वसंतात नोला प्रुइट नावाची तिशीतली बाई आली. विद्यापीठातली. जुन्या वस्त्यांच्या मातीत काय उगवत होतं, लोक काय खात होते, हे शोधणं हे तिचं काम.

"काका, मला माती धुवायचं यंत्र करून हवंय," ती म्हणाली.

"माती धुतल्यावर काय निघतं?" डेल्मरने विचारलं. "आमच्याकडे तर चिखल निघतो."

"जळकं बी निघतं. हजारो वर्षांपूर्वीचं."

"जळकंच हवं असेल तर एवढी खटपट कशाला? आमच्या वर्डीचा मक्याचा पाव आहे की. रोज ताजा जळतो."

"आधी तुझ्या जिभेला टाका घाल," वर्डी आतून ओरडली, "मग पोरीच्या यंत्राला घाल."

नोलाने त्याला समजावलं ते मीही ऐकलं. साधं बी मातीत कुजतं, त्याला किडे खातात. पण चुलीच्या निखाऱ्यात पडून जे काळं झालं, त्याच्या वाटेला कोणी जात नाही, म्हणून ते टिकतं. आणि कोळसा हलका असतो. माती पाण्यात ढवळली की दगड तळाला जातात, जळकं बी वर तरंगतं. बस, एवढंच शास्त्र. डेल्मरने माझं झाकण कापलं, खालून भोकांची नळी बसवली, काठाला पन्हळ लावली. आत मधल्या उंचीवर पत्र्याचं कडं जोडलं आणि त्यावर जाळी अंथरली. खालून पाणी बुडबुडत यायचं, माती विरघळायची, तरंगणारं सगळं पन्हळीवरून बारीक कापडाच्या झोळीत उतरायचं. जड होतं ते जाळीवर राहायचं.

कड्याची धार उघडी होती. डेल्मरने ती बघितली, स्वतःच्या अंगठ्यावर घासून पाहिली आणि वर्डीला म्हणाला, "पोरीचे हात दिवसभर पाण्यात असणार. ओल्या हाताला पत्रा लागला तर पटकन कापतो." मग त्याने धार हातोडीने आतल्या बाजूला दुमडली. छान गोल केली. ही दुमड लक्षात ठेवा, मित्रांनो. माझ्या आयुष्यात जे काही वाईट झालं ते एका भल्या माणसाच्या या चांगुलपणातून झालं.

पहिला उन्हाळा आम्ही नदीकाठी काढला. आठशे वर्षांपूर्वी तिथे मका पिकवणाऱ्यांचं गाव होतं. मातीच्या प्रत्येक पिशवीतून मका निघायचा. मासेही पुष्कळ खात असावेत ते लोक, कारण काटे आणि खवले इतके निघाले की मला वास येतोय असा भास व्हायचा. वर्डी मदतीला यायची. नोलाने तिला एक मजेचं काम दिलं होतं. खसखस लोखंडी तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, बरोबर पन्नास दाणे मोजायचे आणि मातीच्या एखाद्या पिशवीत मिसळून द्यायचे. आमच्या डोंगरात त्या काळी खसखस नव्हतीच, त्यामुळे ती जुन्या बियांत ओळखू यायची. धुतल्यावर पन्नासांपैकी किती परत आल्या, यावरून माझी परीक्षा व्हायची. कधी शेहेचाळीस, कधी अठ्ठेचाळीस. "बुडबुड्या हुशार आहे," नोला म्हणायची. बुडबुड्या म्हणजे मी.

उन्हाळा संपला. मला नळीने वरून खळखळून धुतलं आणि कोठारात ठेवलं.

दुसऱ्या वर्षी आम्ही बझर्ड नॉबच्या टेकडीवर गेलो. तिथे एका मोठ्या कातळाच्या छपराखाली साडेचार हजार वर्षांपूर्वी माणसं दगडाची हत्यारं घडवत. चकमकीच्या दगडाच्या कपच्यांचा ढीगच होता, पाय ठेवायला जागा नव्हती. खोदकामाचे प्रमुख ट्रिम्बल सर. त्यांचा सगळा जीव दगडात. त्यांचं ठाम मत होतं की इथे फक्त पुरुष यायचे, दोन दिवसांत दगड फोडायचे आणि आपल्या वाटेने निघून जायचे. त्यांचे सहकारी कपच्या कापसात गुंडाळत, त्यावर आकडे घालत. माती मात्र उतारावर फेकून देत. नोला ती माती पिशव्यांत भरायला लागली तेव्हा त्यांना हसूच आलं.

"काय डॉक्टर चिखल," ट्रिम्बल सर रोज विचारायचे, "आज भाजी काय?"

"सर, दगड फोडणाऱ्यांना भूक लागत नव्हती का?"

"लागत असेल. पण भुकेची कपची पडत नाही ना."

नोला हसून घ्यायची. पण मला तिचं खरं माहीत होतं, कारण माती धुताना ती माझ्याशी बोलायची. तिची नेमणूक त्या उन्हाळ्यापुरतीच होती. या टेकडीवरून सांगण्यासारखं काही निघालं तर पुढे काम मिळणार होतं, नाहीतर सामान आवरायचं. शिवाय तिच्या मनात एक प्रश्न होता: इथे खरंच दोन दिवसांचेच पाहुणे यायचे, की घरंदारं, बायकापोरं घेऊन लोक राहायचे? दगडांना ते विचारून उपयोग नव्हता. चुलीलाच विचारावं लागणार होतं.

चूल बोलत होती, पण हळू आवाजात. हिकरीच्या, म्हणजे आमच्या रानातल्या अक्रोडाच्या चुलतभावाच्या, जळक्या कवच्या निघायच्या. आणि मोहरीपेक्षाही बारीक, चपटं काळं बी निघायचं. आमच्याकडे त्या झाडाला हंसाचं पाऊल म्हणतात. तुमच्या बाजारात चाकवताच्या जुड्या येतात ना, त्याच्याच भावकीतलं. नोला एकेक दाणा भिंगाखाली सरकवत रात्रंदिवस मोजायची, आणि जेवताना सांगायला जायची तर ट्रिम्बल सर म्हणायचे, "तण? बाई, तण तर माझ्याही अंगणात आहे." ती ताट घेऊन परत माझ्याजवळ येऊन बसायची. आम्ही दोघंही एकटेच होतो. फरक इतकाच की तिला ते बोलता यायचं.

मग तो दिवस आला. सकाळी पाणी जरा जोरात सुटलं आणि माझ्या कड्याखाली काहीतरी सुटल्यासारखं झालं. क्षणभरच. मी लक्ष दिलं नाही. संध्याकाळी नोलाने भिंगातून पाहिलं आणि खुर्ची मागे पाडून उठली. झोळीत मसुरीच्या डाळीएवढा एक काळा तुकडा होता. मक्याचा दाणा!

मित्रांनो, साडेचार हजार वर्षांपूर्वी आमच्या डोंगरात मका नव्हता. तो फार नंतर आला, असं सगळे शहाणे लोक मानतात. म्हणजे तो एक तुकडा खरा असता तर सगळ्यांची पुस्तकं पुन्हा लिहावी लागली असती. ट्रिम्बल सर धावत आले. त्यांनी पहिल्यांदाच भिंगात डोळा घातला, आणि पहिल्यांदाच तिला नावाने हाक मारली. "नोला," ते म्हणाले, "तू तर आम्हा सगळ्यांना मागे टाकलंस."

माझ्याभोवती सगळे उभे राहिले. फोटो काढला. कोणीतरी माझ्या काठावर रानफुलं ठेवली. पेपरात बातमी आली, तिच्यात माझंही नाव होतं. शरद ऋतूतल्या संशोधकांच्या मोठ्या सभेत नोलाने हे सगळ्यांसमोर मांडायचं ठरलं. इतकं कौतुक मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं आणि पुढेही मिळालं नाही.

आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. कारण मला आठवलं. तो दाणा त्या मातीतून आला नव्हता, माझ्यातून आला होता. नदीकाठचा मका गेल्या उन्हाळ्यात माझ्या दुमडीत शिरून बसला होता, वर्षभर तिथेच झोपला होता. मला जीभ असती तर मी तिथेच ओरडलो असतो. पण पिंपाला कोण विचारतं? खाई त्याला खवखवे म्हणतात. मी तर खाऊन बसलो होतो, आणि माझी खवखव कोणाला दिसत नव्हती. लोकांच्या गराड्यात असा एकटेपणा येतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

दोन आठवडे गेले. हंगाम संपत आला तेव्हा शेवटची परीक्षा म्हणून वर्डीने पन्नास खसखशी मिसळून दिल्या. नोलाने माती धुतली, झोळी वाळवली, भिंगाखाली दाणे मोजले. पुन्हा मोजले.

"मावशी, एक्कावन्न भरताहेत."

खोदकामाच्या मंडपात हशाची खसखस पिकली. ट्रिम्बल सर म्हणाले, "आता बुडबुड्याला अंडी घालायलाही शिकवलं का?"

"मोजताना तुमच्याकडून एखादी जास्त पडली असेल, मावशी," नोला समजुतीने म्हणाली. "असू दे."

वर्डी हसली नाही. तिने हातातला रुमाल खाली ठेवला.

"असू कसं दे? एकतीस वर्षं मी पोरं मोजली, नोला. सकाळी मोजली, दुपारी मोजली. कमी भरलं तर रस्त्यात कोणीतरी राहिलं. आणि जास्त भरलं तर काय होतं, माहीत आहे?"

"काय?"

"आधीच्या फेरीतलं पोरगं मागच्या सीटखाली झोपलेलं असतं. दोनदा झालं माझ्याबरोबर असं. दोन्ही वेळा त्या कूम्ब्सांचंच कार्टं. माझ्या मोजण्यात चूक नाही, पोरी. तू तुझी बस तपास."

मंडपातला हशा हळूहळू थांबला. नोला माझ्याकडे वळली. मग ती आली, जाळी उचलून बाजूला केली आणि बाही सरकवून हात आत घातला. तिचं बोट कड्याखालून फिरलं. दुमडीला लागलं. थांबलं.

वर्डीने डोक्यातली पिन काढून दिली. नोलाने दुमडीतून करड्या गाळाची एक वळी ओढून काढली आणि बशीत पाण्यात सोडली. भिंगाखाली दोन खसखशी निघाल्या, मक्याचे चार चुरे निघाले, आणि एक माशाचा खवला. टेकडीवर नदी नाही, मासाही नाही.

बाकीच्यांनी हळूच आपापली कामं उचलली. ट्रिम्बल सर मात्र तिथेच राहिले. ते वाईट गृहस्थ नव्हते. खालच्या आवाजात म्हणाले, "नोला, तुझा दाणा याच फटीतून आला असं कुठे सिद्ध झालंय? आलाही नसेल. सभा तीन आठवड्यांवर आली. एका खसखशीपायी स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस?"

"सर, तो याच फटीतून आला नाही असंही मला सांगता येत नाही."

"कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय की."

इतकंच बोलली ती. मला तेव्हा तिचा जितका अभिमान वाटला तितकीच माझी लाज वाटली. तीन आठवड्यांनी ती सभेत उभी राहिली आणि मक्याऐवजी माझ्या दुमडीचं चित्र दाखवलं. मी तिथे नव्हतो, पण वर्डी सोबत गेली होती, तिने येऊन सांगितलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकाने विचारलं, "मग त्या यंत्रातून निघालेलं बाकीचं तरी खरं कशावरून?" त्याचं बरोबर होतं. हिकरीच्या कवच्या, चाकवताच्या भावकीतलं ते बारीक बी, नोलाचा सगळा उन्हाळा, एका दाण्यासोबत सगळंच संशयात गेलं. तिची नेमणूक पुढे वाढली नाही. तिला दूर, दोन राज्यं पलीकडे, एका लहान कॉलेजात शिकवायचं काम मिळालं.

मी डेल्मरच्या अंगणात परत आलो. तो पहिले कित्येक दिवस माझ्याकडे बघेना. मग एका थंडीच्या सकाळी हत्यारं घेऊन आला. दुमड कापून काढली. उघड्या धारेवर कानस फिरवली, मग पॉलिशचा कागद, मग तेलाचं फडकं. चार दिवस तो तेच करत होता. वर्डीने विचारलं, "किती घासशील?" तर म्हणाला, "आता हातही कापता कामा नये आणि दाणाही अडकता कामा नये. हे मला आधीच सुचायला हवं होतं."

वसंतात दोघांनी मिळून परसातली माती घेतली, पन्नास खसखशी मिसळल्या आणि बागेच्या नळीने माझी परीक्षा घेतली. वर्डीने चष्म्यावर चष्मा लावून दाणे वेचले. पन्नास. पुन्हा पन्नास. तिसऱ्या खेपेलाही पन्नास! पन्नासांपैकी पन्नास मी याआधी कधीच दिल्या नव्हत्या. डेल्मरने त्याच दिवशी नोलाला फोन केला.

ती आली, पण कोठारात ठेवलेल्या बझर्ड नॉबच्या न धुतलेल्या पिशव्या न्यायला. तिने माझ्या आत हात घालून कडं चाचपलं.

"काका, हे आता माझ्या नव्या यंत्रापेक्षा चांगलं झालंय."

"मग घेऊन जा. गाडीत मीच चढवतो."

"नाही नेता येणार."

"का? वर्डीने तीनदा मोजल्या."

"मला माहीत आहे. पण यातून उद्या काहीही निघालं तरी लोक विचारणार, हेच ना ते पिंप? माझ्याबद्दलही हेच विचारतात हो. हीच ना ती? मला तर बदलता येत नाही. निदान पिंप तरी नवं असू दे."

डेल्मरने पिशव्या गाडीत चढवल्या. अडतीस होत्या. त्यातली एकही माझ्यात रिकामी झाली नाही.

दोन वर्षांनी नोलाचं पत्र आलं. डेल्मरचे डोळे अधू झाले होते, म्हणून वर्डीने कोठाराच्या पायरीवर बसून ते मोठ्याने वाचलं. नव्या यंत्रात धुतलेल्या अडतीस पिशव्यांत मक्याचा एकही कण निघाला नव्हता. हिकरीच्या कवच्या होत्या, आणि ते बारीक काळं बी होतं, मूठभर. तेच, जे माझ्यातून निघालं होतं. हिकरीची फळं आणि ते बी दोन्ही शरद ऋतूत पिकतात. म्हणजे दगड फोडणारे तिथे दोन दिवसांचे पाहुणे नव्हते. आठवडेच्या आठवडे राहत होते, फळं फोडत होते, बी पाखडून भाजत होते, आणि भाजताना काही दाणे विस्तवात सांडत होते. एका चुलीपाशी लहान मुलाच्या बोटांत मावतील अशा दगडाच्या कच्च्या, वेड्यावाकड्या कपच्याही सापडल्या होत्या. त्या ट्रिम्बल सरांनीच स्वतःहून पत्राने कळवल्या होत्या.

"म्हणजे पोरीचं खरं होतं," डेल्मर म्हणाला.

"आणि याचंही," वर्डी माझ्याकडे बोट करून म्हणाली. "फक्त मका सोडून."

हे ऐकून मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. पण ते वाक्य ऐकणारे आम्ही तिघंच होतो. पुढे डेल्मर गेला. वर्डी शहरात भाचीकडे राहायला गेली, आणि तिच्याही निधनाची बातमी मला कोणी सांगितली नाही, मी ती येणाऱ्यांच्या बोलण्यातून ऐकली. आता कोठारात तंबाखूही नाही. पानगळीत माझ्यात पानं साचतात, हिवाळ्यात बर्फ साचतो. पाणी असतं, पण ते खालून बुडबुडत येत नाही. माझं कडं अजून गुळगुळीत आहे. तीस-पस्तीस वर्षं झाली, माझ्यात काहीही अडकत नाही, कारण माझ्यात कोणी काही घालतच नाही.

मित्रांनो, तुम्ही कोणतंही भांडं वापराल, यंत्र वापराल, तर ते नुसतं वरून धुऊ नका. जिथे डोळा पोचत नाही तिथे बोट घालून बघा. हिशोब कमी भरला तर सगळेच शोधाशोध करतात, जास्त भरला तरी हसण्यावारी नेऊ नका. मोजणाऱ्या माणसाचं ऐका.

पण याहून कळकळीची एक विनंती आहे. ज्याची चूक सापडली, ज्याने ती मान्य केली, ज्याला घासूनपुसून नीट केलं, त्याला कोपऱ्यात उभं करून विसरू नका. माझी गोष्ट ठाऊक असलेले मोजके लोक जाता जाता ती सांगतात आणि म्हणतात, बिचाऱ्या पिंपाची त्यात काय चूक, आम्ही कधीच माफ केलं. मला माफी नको, मित्रांनो. माती द्या.